डॅमेजचा माल

इमारतीच्या मागच्या भिंतीला पोट आलंय, असं रहिवासी कितीतरी दिवस हसत हसत म्हणायचे. मग एका दुपारी त्या पोटातून विटा गळायला लागल्या आणि हसणं बंद झालं. सरकारी माणसं आली, शिट्ट्या वाजल्या, आणि दिवस मावळायच्या आत सगळी इमारत रिकामी झाली. जो तो हाताला येईल ते घेऊन जिना उतरला. थोरलीने रॉकेलची शेगडी घेतली, कपड्यांची बोचकी घेतली, मुलीचं दप्तर आणि सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा घेतला. साबण घ्यायचं काही तिला सुचलं नाही. अशा वेळी कुणालाच सुचत नाही. माणूस कागदपत्रं उचलतो, दागिने उचलतो. दात घासायचा ब्रश बिचारा मोरीतच राहतो.

थोरली म्हणजे घरातली थोरली सून. तिला स्वतःचं नाव होतंच, पण लग्न होऊन आली त्या दिवशी सासूबाईंनी "थोरले, इकडे ये गं," अशी हाक मारली आणि तेच चिकटलं. घरात ती, तिचा नवरा, वयात आलेली मुलगी मैना, सासूबाई, धाकटा दीर, त्याची बायको धाकटी आणि त्या दोघांचं रांगतं बाळ. नवरा घरं रंगवायचा, दीर दुसऱ्याची गाडी भाड्याने चालवायचा. फार नव्हतं, पण कुणापुढे हात पसरायची वेळही कधी आली नव्हती.

सगळ्या कुटुंबांना नेऊन ठेवलं ते फर्निचरच्या एका बंद पडलेल्या शोरूममध्ये. "चार दिवसांची सोय आहे, सांभाळून घ्या," असं सांगून सरकारी माणसं गेली. त्या चार दिवसांना जे शेपूट फुटलं ते लांबतच गेलं. दर्शनी काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली, दोऱ्या ताणून चादरी टांगल्या, आणि प्रत्येक चादरीमागे एकेक संसार बसला. मागच्या बाजूला शोरूमच्या नोकरांसाठी बांधलेलं एक न्हाणीघर होतं. सगळ्यांच्या आंघोळी, सगळ्यांची धुणी तिथेच.

लोक वाईट नव्हते. पहिल्या आठवड्यात तर मदतीचा पूर आला. जेवण आलं, पांघरुणं आली, आणि कपडे तर इतके आले की त्या ढिगावर पोरं घसरगुंडी खेळायची. कुणी उंच टाचांचे बूट पाठवले, कुणी कोट पाठवला. एका पिशवीतून पोहायचा पोशाख निघाला, तेव्हा सासूबाईंनी तो दोन बोटांनी उचलून सगळ्या हॉलला दाखवला.

"हे घालून पोहायचं कुठे? बादलीत?"

सगळे पोट धरून हसले. पण त्या सगळ्या ढिगात साबणाची वडी एकही नव्हती. कपडे धुवायच्या साबणाच्या लाद्या तेवढ्या दुकानातून आणल्या जायच्या, आणि त्याच भांड्यांना, त्याच केसांना, त्याच बाळाच्या अंगाला. बाळाच्या मांड्या लाल होऊन सोलवटल्या. ते रडायला लागलं की धाकटी त्याला छातीशी धरून काचेपाशी येरझाऱ्या घालायची आणि बाकीचे झोपल्याचं सोंग करायचे. पलीकडच्या चादरीमागे एकटे राहणारे टेलरमास्तर पूर्वी कडक इस्त्रीत फिरणारे गृहस्थ. त्यांची दाढी छातीकडे निघाली होती आणि ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचे. मैना दर महिन्याला पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवायची. खरं कारण थोरलीला माहीत होतं. आजीने फाडून दिलेल्या जुन्या चादरीच्या घड्या, आणि त्या वाळत घालायला आडोसा नाही. दिवसभर वर्गात बसायचं पोरीला भय वाटायचं.

गंमत म्हणा की थट्टा म्हणा, थोरलीची नोकरी होती एका मोठ्या दुकानात, आणि तिचा विभाग कुठला? तर साबण, शाम्पू, क्रीम, टूथपेस्ट. दिवसभर ती सुगंधात उभी असायची. कुणाच्या केसांना काय चालेल, कुणाच्या कातडीला काय सोसेल, हे ती गिऱ्हाइकाकडे बघून सांगायची. पण रोज सकाळी ती सगळ्यांच्या आधी दुकानात पोचायची, नोकरांच्या बेसिनवर मान खाली घालून तोंड-मान धुवायची, युनिफॉर्मची बाही नाकाला लावून वास घ्यायची, आणि मगच काउंटरवर जायची. ती कुठे राहते हे दुकानात कुणाला माहीत नव्हतं. शेजारच्या काउंटरवरच्या मुलीला सगळे लिपस्टिकवाली म्हणत. ती एकदा सहज बोलून गेली, "हल्ली इथे रॉकेलचा वास येतो का गं?" त्यावर थोरलीने, "मागच्या गोदामातून येत असेल," म्हणून तोंड फिरवलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

महिन्यातून एकदा दुकानात डॅमेजचा दिवस असायचा. झाकण तडकलेल्या शाम्पूच्या बाटल्या, कोपरा दबलेले पेस्टचे खोके, कुणीतरी कुतूहलाने उघडून बघितलेली पॅडची पाकिटं, एक वडी चोरीला गेलेले साबणाचे जुडगे. आत माल उत्तम, पण विकता येत नाही. तो सगळा मागच्या अंगणात न्यायचा, बाटल्या गटारात रिकाम्या करायच्या, बाकीचं फाडून-तोडून पिंपात टाकायचं. हे काम पाळीपाळीने असे. त्या महिन्यात थोरलीची पाळी आली.

तिने पहिली बाटली उलटी केली. शाम्पू संथपणे धार धरून गटारात गेला आणि खाली फेस उठला. चांगला, दाट, पांढराशुभ्र फेस. आदल्याच दिवशी तिने मैनाचे केस धुण्याच्या साबणाने धुतले होते, आणि पोरीने, "आई, डोकं दोरखंडासारखं झालंय गं," म्हणून कंगवा फेकून दिला होता. थोरलीने दुसरी बाटली उचलली, झाकण काढलं, आणि तिचा हात तसाच थांबला. तिने झाकण परत लावलं. बाटली खाली ठेवली. मग ती आत गेली आणि मॅनेजरबाईंच्या टेबलासमोर उभी राहिली.

"मॅडम, मी तो माल ओतणार नाही."

मॅनेजरबाईंनी मान वर केली. "म्हणजे? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत ठणठणीत आहे. मॅडम, आमची इमारत पडायला आली म्हणून आम्हाला बाहेर काढलंय. त्या बंद शोरूममध्ये राहतो आम्ही, चादरी बांधून. तिथे इतकी कुटुंबं आहेत आणि अंगाला लावायचा साबण कुणाकडे नाही. माझी पोरगी पॅड नाही म्हणून शाळेत जात नाही. आणि मी इथे शाम्पू गटारात ओतू? माझ्याच्याने होणार नाही."

बोलताना तिचा आवाज चढला होता. दाराशी लिपस्टिकवाली येऊन उभी राहिली होती, हे तिला नंतर कळलं. लपवून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं होतं, आणि आश्चर्य म्हणजे तिला हलकं वाटत होतं.

मॅनेजरबाईंनी पेन खाली ठेवलं. बाई मनाने कोरड्या नव्हत्या, पण डोक्यावर वरिष्ठांची तलवार होती. "आधी का नाही बोललीस?" त्या म्हणाल्या. "पण ऐक. हा नियम मी केलेला नाही. मागे एकाने असाच डॅमेजचा माल नेला आणि आमच्याच दुसऱ्या शाखेत परत करून रोख घेऊन गेला. तेव्हापासून सगळं नष्ट करायचं असं ठरलंय."

"मग लेबलं फाडा. काळ्या मार्करने फुल्या मारा. परत कोण घेईल?"

"वर विचारावं लागेल."

"विचारा ना."

"विचारते."

'विचारते' या शब्दाचा अर्थ नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. थोरलीलाही माहीत होता. म्हणून दुसऱ्या दिवशी आल्या आल्या तिने केबिनमध्ये डोकावून विचारलं, "मॅडम, वर विचारलंत?" मॅडमना वेळ झाला नव्हता. तिसऱ्या दिवशी, "मॅडम, वर विचारलंत?" मॅडम मीटिंगमध्ये होत्या, थोरली मीटिंग संपेपर्यंत बाहेर उभी राहिली. त्यानंतर मॅडम तिला बघून रस्ता बदलायला लागल्या, तर ही चहाच्या कपापाशी, जिन्यात, लिफ्टच्या दारात, जिथे गाठ पडेल तिथे हजर. चेहरा शांत, आवाज मऊ, प्रश्न तोच. लिपस्टिकवाली म्हणाली, "अगं, तुला काढून टाकतील." थोरली म्हणाली, "काढू देत. काढताना तरी वर फोन करावा लागेलच ना? तेवढ्यात हेही विचारतील."

शेवटी मॅनेजरबाई इतक्या वैतागल्या की त्यांनी थोरलीसमोरच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडच्या मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "उद्या माल बाजारात विकायला आला तर जबाबदार कोण?"

मॅनेजरबाई उत्तर शोधत होत्या, तोवर थोरली फोनकडे वाकून म्हणाली, "मी."

मग साहेब म्हणाले, "ठीक आहे. लेबल फाडून, खुणा करून द्या. पण एक जरी बाटली विकलेली दिसली तर लगेच बंद. आणि मग त्या बाईंचं काय करायचं तेही बघू."

त्या संध्याकाळी घरी, म्हणजे चादरीमागे, नवरा भडकला. "दुकानात सगळ्यांना सांगितलंस आपण कुठे राहतो ते?"

"सांगितलं."

"लाज नाही वाटली?"

"वाटायची. रोज सकाळी बाहीचा वास घेताना वाटायची. सांगितल्यावर गेली."

तो पाठ करून पडला. पण त्याला झोप लागली नव्हती, हे तिला त्याच्या श्वासावरून कळत होतं.

पहिला माल आला तो दिवस हॉलमध्ये कुणी विसरणार नाही. थोरली आणि लिपस्टिकवालीने मिळून पिशव्या उतरवल्या. चादरी बाजूला सरकल्या, बायका गोळा झाल्या. साबण, पेस्ट, ब्रश, बाळाची पावडर, कंगवे, दाढीची पाती. पॅडचं पाकीट मैनाने सगळ्यांच्या आधी उचललं आणि दप्तरात असं कोंबलं, जणू कुणी हिसकावून घेणार आहे. सासूबाईंच्या वाट्याला गुलाबाच्या वासाचा साबण आला. आंघोळ करून बाहेर आल्या त्या हात हुंगत हुंगत.

"थोरले, अगं किती हा वास! माणसं मेल्यावर फुलं वाहतात, तू आधीच उरकून घेतलंस की काय?"

"आई, तुम्ही इतक्यात कुठे जाताय," धाकटी म्हणाली. "अजून आम्हाला छळायचं बाकी आहे."

"ते तर आहेच," म्हणत सासूबाई पुन्हा हात हुंगायला लागल्या.

टेलरमास्तरांनी पाती घेतली आणि नुसती हातात धरून बसले. मग म्हणाले, "आरसा असेल का कुणाकडे?" मैनाने आपला छोटा आरसा त्यांच्यासमोर धरला. दाढी उतरली तेव्हा आत किती गाल खोल गेलेत ते दिसलं. पण त्यांनी तोंड पुसलं, जुना शर्ट झटकला आणि कितीतरी दिवसांनी दाराबाहेर पडून कोपऱ्यापर्यंत फिरून आले. काम मागायला गेले होते का, असं कुणी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा आरसा मागितला.

उरलेला माल थोरली आपल्या चादरीमागे ठेवायची आणि मागायला येईल त्याला काढून द्यायची. हे असं सुरळीत चाललं असतं, पण एका संध्याकाळी कामावरून परतताना थोरलीचे पाय फुटपाथवरच्या एका पथारीसमोर खिळले. चार्जर, चष्मे आणि मोज्यांच्या ओळीत शाम्पूच्या बाटल्या मांडल्या होत्या. लेबल फाटलेल्या. काळ्या फुल्या कशाने तरी घासून पुसट केलेल्या. एका बाटलीचं झाकण तिने स्वतःच्या हाताने टेपने बांधलेलं होतं.

"कुठून आल्या या?" तिने विचारलं.

"घ्यायच्या तर घ्या ताई," पथारीवाला म्हणाला. "एकदम ओरिजिनल आहेत. त्या हॉलमधला एक जण देतो. गाडी चालवायचा म्हणे पूर्वी."

रस्ताभर ती मनातल्या मनात भांडत आली. हॉलमध्ये शिरली ती थेट दिराच्या पुढ्यात.

"भाऊजी, बाटल्या तुम्ही विकल्यात?"

तो नाकबूल करेल असं तिला वाटलं होतं. त्याने नुसती मान खाली घातली. धाकटीच्या हातातला चमचा खाली पडला.

"बोला ना."

"विकल्या," तो म्हणाला. "वहिनी, गाडी मालकाने काढून घेतली. काम शोधायला जायचं तर गाडीभाडं लागतं. रोज दादाकडे मागू?"

"मला मागायचंत."

"मागायचंच तर आहे सगळं!" तो एकदम उसळला. "सकाळी उठलं की पाणी मागा. संडासला नंबर मागा. जेवणाच्या गाडीपुढे ताट धरा. तुमच्याकडे येऊन साबण मागा, आणि तुम्ही विचारणार, मागच्या आठवड्यातला संपला का? कंटाळा आलाय वहिनी मला मागण्याचा. बाटल्या विकल्या तेव्हा निदान कुणापुढे तोंड वेंगाडावं लागलं नाही."

थोरली खरंच विचारायची. माल पुरवायचा म्हणजे हिशेबात राहायला हवं, असं तिला वाटायचं, आणि मागायला आलेल्या माणसाच्या तोंडाकडे तिने कधी नीट बघितलं नव्हतं. पण राग काही ओसरला नाही.

"तुमचं म्हणणं पटतंय मला," ती म्हणाली. "पण जबाबदार मी, असं मी फोनवर बोललेय. उद्या सकाळी तुम्ही माझ्याबरोबर दुकानात यायचं."

"ताई, कशाला?" धाकटी काकुळतीला आली. "पथारीवाल्याकडून परत आणू या. कुणाला कळणार नाही. तुमची नोकरी जाईल हो."

"आज नाही कळलं तर उद्या कळेल. आणि कुणा दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर सगळ्यांचं बंद होईल, कायमचं."

सकाळी दोघं गेली. दिराने मॅनेजरबाईंसमोर सगळं सांगितलं, हात मागे बांधून, शाळेतल्या मुलासारखं. मॅनेजरबाईंचा चेहरा लाल झाला. "माझी मान अडकवलीत तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी शब्द टाकला होता वर. संपलं आता. यापुढे सगळा माल नष्ट होणार." मग थोरलीकडे बघून, "तू आपणहून आलीस म्हणून तुझी नोकरी राहील एवढं बघते. त्यापुढे काही मागू नकोस."

थोरलीने त्या दिवशी काही मागितलं नाही. हॉलमध्ये आल्यावर तिने सगळ्यांना बोलावून खरं काय झालं ते सांगितलं, पण दिराचं नाव घेतलं नाही. ते त्याने स्वतः घेतलं. कुणीतरी शिवी हासडली. टेलरमास्तर म्हणाले, "असू दे. भूक लागल्यावर माणूस जेवायचा पाटसुद्धा विकतो." आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

नवरा कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत होता. इतके दिवस तो या भानगडीपासून चार हात लांब राहिला होता. त्याने विचारलं, "त्यांना भीती कशाची आहे? बाटली विकली जाईल याचीच ना?"

"हो."

"मग बाटली कशाला पाहिजे आपल्याला?"

थोरली त्याच्यासमोर येऊन बसली.

"आपल्याला आतलं पाहिजे," तो म्हणाला. "बाटली फोडू दे त्यांना खुशाल. ओततातच ना? गटारात ओतण्याऐवजी बादलीत ओता म्हणावं. सुटा शाम्पू कोण विकत घेतोय पथारीवर?"

ही गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती, आणि आपल्या नवऱ्याच्या डोक्यात आली याचा तिला आनंदही झाला आणि थोडा रागही आला. "इतके दिवस गप्प का बसला होतात?"

"तू कुठे विचारलंस?" तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी हसला.

पुढच्या डॅमेजच्या दिवशी मागच्या अंगणात माल मांडला गेला. पाळी लिपस्टिकवालीची होती. तिने हातमोजे काढून ठेवले. "मॅडम, मीसुद्धा नाही ओतणार," ती म्हणाली. तिच्या पुढची पाळी ज्याची होती तो गोदामातला हमाल आधीच गायब झाला होता. मॅनेजरबाईंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं, बाह्या वर केल्या आणि स्वतः पहिली बाटली उचलली. तेवढ्यात मागच्या फाटकाची कडी वाजली. बाहेर थोरलीचा नवरा आणि दीर उभे होते. दोघांच्या हातांत रंगाच्या मोठ्या झाकणाच्या बादल्या होत्या. आतबाहेर घासून, तासून, धुऊन लख्ख केलेल्या. तीन दिवस भाऊ-भाऊ त्या घासत होते आणि एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"बाई," नवरा म्हणाला. असल्या माणसांशी बोलायची त्याला सवय नव्हती. "बाटल्या फोडा. साबणाची वेष्टनं फाडा. वड्या हव्या तर मधोमध कापून द्या. पॅडची पाकिटं फाडा, आतले सुटे द्या. विकण्याजोगं काहीच राहणार नाही. फक्त आतलं यात ओता."

थोरली पुढे झाली. "मॅडम, नियमात नष्ट करायचं लिहिलंय. तुमच्यासमोर नष्ट करू. रिकाम्या बाटल्या इथेच मोजा, इथेच चिरडा."

मॅनेजरबाईंच्या हातातली बाटली गटारावर वाकलेली होती. त्यांनी बादलीत डोकावून बघितलं. "रंगाचा वास नाही ना येणार?"

"हुंगून बघा," दीर म्हणाला.

आणि मॅनेजरबाईंनी, त्या एवढ्या मोठ्या शाखेच्या मॅनेजर, खरंच वाकून रंगाच्या बादलीत नाक घातलं. लिपस्टिकवालीला हसू आवरेना. बाईंनी नाक वर केलं, दीर्घ श्वास सोडला आणि बाटली बादलीत उलटी केली.

"वर मी सांगते," त्या म्हणाल्या. "या वेळी विचारत नाही, सांगते."

त्यानंतर न्हाणीघराबाहेरच्या भिंतीला नवऱ्याने एक फळी ठोकली. बादल्यांवर ब्रशने झोकदार अक्षरं काढली: 'केसांचं', 'अंगाचं', 'हातांचं'. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी 'केसांचं'मधून कढई घासली, तेव्हा त्याने त्या अक्षरांखाली आणखी एक ओळ घातली: 'भांड्यांचं नाही, आई'. पॅडचा खोका फळीवर न ठेवता न्हाणीघराच्या आत, कडीपाशी ठेवला. ही सूचना मैनाची. कुणी किती घेतलं हे बघायला तिथे कुणी उभं राहायचं नाही, असं थोरलीने ठरवलं, आणि स्वतःलाच पहिल्यांदा बजावलं. संपलं तर संपलं. पुढच्या महिन्यात जास्त आणू. पहिल्या आठवड्यात खोका भराभर रिकामा झाला. नंतर तो पुरायला लागला. रोज सकाळी उघडून बघण्याचा मोह तिला व्हायचा, आणि ती तो गिळायची.

सगळंच काही छान झालं असं नाही. टेलरमास्तरांना काम मिळालं नाही. ते रोज दाढी मात्र करतात. दीर वहिनीशी बरेच दिवस तुटक बोलायचा. मग त्याला एका टेम्पोवर काम लागलं, आणि ज्या दिवशी टेम्पो रिकामा असे त्या दिवशी तो न सांगता दुकानाच्या मागच्या फाटकाशी बादल्या न्यायला उभा राहायला लागला. मैनाने शाळा बुडवणं बंद केलं आणि गणितात नापास झाली. त्याला साबण काय करणार? बाळाच्या मांड्या मात्र गुळगुळीत झाल्या. नव्या खोल्या मिळणार, असं सरकारी माणसं दर वेळी सांगून जातात. आता थोरली त्यांच्याही कार्यालयात जायला लागली आहे. तिथल्या कारकुनाने तिला दारात बघितलं की तो आधी कपाळाला हात लावतो आणि मग फाईल काढतो.

गेल्या आठवड्यात हॉलमध्ये एक नवं कुटुंब आलं. दुसरीकडची एक चाळ पाडली, तिथले. आई, दोन लहान मुली आणि एक म्हातारा. दुपारची वेळ होती, हॉल अर्धा रिकामा, आणि थोरलीला सुट्टी होती. ती बाई न्हाणीघराकडे गेली आणि फळीसमोर उभी राहिली. 'अंगाचं' वाचलं. झाकणाला हात लावला आणि मागे घेतला. इकडेतिकडे बघितलं. तिला विचारायचं होतं, पण कुणाला विचारायचं ते कळत नव्हतं. शेगडीपाशी बसलेल्या सासूबाईंनी मान लांब करून तोंड उघडलं, तेवढ्यात थोरलीने त्यांचा दंड धरला.

"आई, चला, बाहेर जाऊन चहा घेऊ."

"मला नको चहा. आत्ताच तर प्यायलेय."

"मला हवाय," थोरली म्हणाली.

"अगं पण त्या बाईला सांगू तर दे, की फुकट आहे, घे म्हणून..."

"तिला वाचता येतं, आई. चला तुम्ही."

सासूबाई कुरकुरत उठल्या. दोघी दाराबाहेर आल्या. ऊन चढलं होतं. समोरून दिराचा टेम्पो येताना दिसत होता. पाठीमागे आत कुठेतरी बादलीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ लहान मुलींच्या कुजबुजीचा. थोरलीने मागे वळून बघितलं नाही. ती रस्ता ओलांडून टेम्पोकडे निघाली, कारण आज माल जास्त होता आणि उतरवायला माणसं कमी.